पावसाळ्यानंतर पुन्हा सायकलवर: पुण्यातील हिवाळी सरावाची बांधणी

सायकल सरावाचे युरोपीय वळणाचे कोणतेही वेळापत्रक उघडले, तर त्यात डिसेंबर हा विश्रांतीचा महिना असतो आणि सराव रंगात येतो तो मार्च-एप्रिलमध्ये. पुण्यात हे चक्र नेमके उलटे फिरते. जूनमध्ये पाऊस लागला की रस्त्यांवर खड्डे पडतात, सायकल बाल्कनीत किंवा जिन्याखाली जाते, आणि मग गणपती, नवरात्र, दिवाळी असे करता करता ती थेट थंडीच्या तोंडावर बाहेर निघते. एप्रिल-मेच्या उन्हात लांबचा सराव फार थोड्यांना झेपतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आपला खरा मोसम ठरतो. ठरावीक वेळेत लांबचे अंतर कापण्याच्या रँडोनिअरिंग या प्रकाराचे वर्षही १ नोव्हेंबरला सुरू होऊन पुढच्या ३१ ऑक्टोबरला संपते. सरावाला परतणे आणि मोसमातला पहिला कार्यक्रम यांच्यामध्ये म्हणूनच फार थोडे आठवडे हाती राहतात, आणि घाई होते ती इथेच.

मागच्या मोसमात आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर सायकल चालवलेल्या, पण गेले तीन-चार महिने जवळजवळ काहीच न केलेल्या सायकलस्वाराला समोर ठेवून पुढील मांडणी केली आहे. तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दम लवकर परत येतो. गुडघे, पाठ आणि बूड मात्र उशिरा तयार होतात. म्हणून सराव किती वाढवायचा हे दमाला न विचारता सांध्यांना विचारून ठरवावे.

खंड पडल्यावर शरीरात काय बदलते

सराव थांबला की सर्वांत आधी रक्तातील द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, घटू लागतो आणि ही घट पहिल्या दोन आठवड्यांतच बरीचशी होऊन जाते. रक्ताचे आकारमान कमी झाल्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी थोडे कमी रक्त पुढे जाते आणि जुन्याच वेगासाठी नाडी अधिक वेगाने चालावी लागते. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता, जिला सायकलस्वार व्हीओटू मॅक्स म्हणून ओळखतात, ती चांगल्या तयारीच्या खेळाडूंमध्ये पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी आणि तीन महिन्यांच्या पूर्ण विश्रांतीनंतर सुमारे १६ टक्क्यांनी उतरल्याचे आढळले आहे. स्नायूंमधील सूक्ष्म केशवाहिन्यांचे जाळे मात्र अनेक वर्षे सराव केलेल्या माणसात बराच काळ टिकून राहते, आणि जुना सायकलस्वार नवख्यापेक्षा लवकर सावरतो त्याचे एक कारण हेच आहे.

प्लाझ्मा जसा लवकर जातो तसाच लवकर भरूनही येतो. नियमित सराव सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच चढावर धाप कमी लागू लागते आणि आपण पूर्वीसारखे झालो असे वाटते. प्रत्यक्षात स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांना पुन्हा भार पेलण्याजोगे होण्यासाठी आठवडे नव्हे तर महिने लागतात. गुडघ्याच्या वाटीखालचे दुखणे, टाचेमागच्या कंडरेची ओढ आणि कमरेचा ताठरपणा ही त्रिकुटाची तक्रार बहुधा तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येते, ती यामुळेच. सर्वांत जास्त संयम लागतो तोही याच काळात.

आधी स्वतःची तपासणी

पावसाळ्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये पुण्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे रुग्ण वाढतात. विश्रांतीच्या काळात यांपैकी काही होऊन गेले असेल, तर ताप उतरला म्हणजे शरीर मोकळे झाले असे समजू नये. डेंग्यूनंतरचा थकवा अनेकांना काही आठवडे पुरतो, तर चिकुनगुन्याची सांधेदुखी काही जणांमध्ये महिनोन् महिने रेंगाळते. अशा व्यक्तीने डॉक्टरांना विचारूनच सायकलला हात लावावा आणि पुढे दिलेल्या प्रत्येक टप्प्याचा कालावधी सरळ दुप्पट धरावा. साध्या सर्दीसाठी जुना ठोकताळा पुरेसा आहे: त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहणे किंवा शिंका इतकाच असेल, तर हलकी फेरी चालते, ताप, अंगदुखी, छातीत कफ असे काही असेल तर घरी बसावे.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच रक्तदाब, मधुमेह किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी, मोसमाच्या आरंभी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि त्यांच्या सल्ल्याने ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्टचा निर्णय घ्यावा. रक्त तपासायला देणारच असाल, तर हिमोग्लोबिन, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वही पाहून घ्यावे. शाकाहारी माणसात ब-१२ कमी निघणे आपल्याकडे अगदी नेहमीचे आहे, आणि पायांत जोर नाही म्हणून महिनाभर वेळापत्रक बदलत बसणाऱ्याची अडचण कधी कधी या एका अहवालात सापडते. त्याच आठवड्यात रोज सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहून ठेवायला सुरुवात करावी. पुढे एखाद्या दिवशी ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त आढळली, तर त्या दिवशीचा सराव हलका करायचा. इतका सोपा निकष देणारे दुसरे साधन नाही.

सायकल: चार महिन्यांच्या दमटपणाचा हिशेब

उभी राहिलेली सायकल वापरलेल्या सायकलीपेक्षा जास्त बिघडू शकते. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, सैल करून पूर्ण बाहेर काढावा आणि सायकल उलटी धरावी. पावसात भिजलेली असेल तर फ्रेममधून तांबूस पाण्याची धार लागलेली अनेकदा दिसते. ते पाणी वर्षभर आत राहिले असते तर बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे पेडलचा आस जिथे फिरतो त्या भागाचे, बेअरिंग कुरकुरायला लागले असते. फ्रेम आतून कोरडी झाल्यावर सीटपोस्टला ग्रीसचा पातळ थर लावून तो आधीच्याच खुणेवर बसवावा. कार्बनच्या सीटपोस्टला ग्रीस लावू नये, त्यासाठी वेगळी पेस्ट मिळते.

चेनवरचा वरवरचा तांबूस थर पुसून जातो. खरा प्रश्न तिच्या झिजेचा असतो, आणि तो घरच्या पोलादी पट्टीने तपासता येतो. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते, म्हणजे २४ कड्यांचे अंतर बरोबर १२ इंच भरायला हवे. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवून चेन ताणून धरावी. चोविसाव्या कडीची पिन १२ इंचांच्या खुणेपलीकडे एकषोडशांश इंच गेली असेल तर चेन बदलावी. एकअष्टमांश इंच गेली असेल तर कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या संचाचे, दातेही झिजले असण्याची शक्यता मोठी आहे आणि नवी चेन त्यावर घसरेल. वेळेवर बदललेल्या चेनपेक्षा कॅसेट कितीतरी महाग पडते, म्हणून ही दोन मिनिटे वाचवू नयेत. रॉकेल किंवा डिझेलने चेन धुण्याची आपल्याकडची पद्धत वाईट नाही, पण धुतल्यावर ती पूर्ण वाळू द्यावी, त्यानंतरच प्रत्येक कडीवर एक एक थेंब तेल सोडावे आणि वरचे जादा तेल फडक्याने पुसून घ्यावे. गंज सोडवणारा स्प्रे हे चेनचे तेल नव्हे.

टायरला हवा भरून संपूर्ण घेर बोटाने चाचपावा. पावसाळ्यात रुतलेल्या बारीक काचा आणि खडी रबरात बसून राहतात व पहिल्याच लांबच्या फेरीला पंक्चर करतात. त्या टाचणीने उकरून काढाव्यात. बाजूच्या भिंतीला भेगा दिसत असतील तर टायर बदलावा. ट्यूबलेस टायर असेल तर आतले सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, एव्हाना वाळलेले असणार, ते नव्याने भरावे. हवेचा दाब टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतका ठेवण्याची सवय सोडावी: सत्तर किलोच्या आसपास वजनाच्या माणसाला २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये ७० पीएसआयच्या जवळपास दाब पुरतो आणि पुण्याच्या रस्त्यांवर मनगटे वाचतात. रिम ब्रेकच्या पॅडमध्ये वाळूचे आणि धातूचे कण रुतले असतील तर ते काढावेत; डिस्क ब्रेकच्या आसपास कोणताही तेलकट स्प्रे मारू नये. आरे, हेडसेट आणि हब तपासण्यासाठी दुकानात सर्व्हिसिंगला द्यायचे असेल तर ते दिवाळीच्या आधी द्यावे, कारण दिवाळीनंतर सगळ्यांनाच सायकलीची आठवण येते आणि आठ-दहा दिवस थांबावे लागते.

सीटची उंची एकदा नव्याने मोजून घ्यावी. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला ०.८८३ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतचे ढोबळ अंतर. परतीच्या पहिल्या महिन्यात शरीर ताठरलेले असते, त्यामुळे याहून तीन-चार मिलिमीटर खाली आणि हँडल किंचित वर ठेवण्यास हरकत नाही. गुडघा पुढून दुखू लागला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखू लागला तर वर आहे. बदल करताना मात्र एका वेळी एकच गोष्ट आणि तीही दोन-तीन मिलिमीटरनेच हलवावी.

पहिले दोन आठवडे: निम्मे आणि सपाट

या पंधरवड्यात मागच्या मोसमातल्या नेहमीच्या आठवड्याच्या निम्मेच अंतर करावे आणि ते एका रविवारी न उरकता चार दिवसांत वाटावे. दीडशे किलोमीटरची सवय असलेल्याने पाऊणतास ते तासाभराच्या तीन फेऱ्या आणि आठवड्याच्या शेवटी दीड-दोन तासांची एक फेरी इतकेच करावे. बसण्याच्या जागेची त्वचा आणि हाडे पुन्हा सरावायला सलग अंतरापेक्षा वारंवारितेची गरज असते. पहिल्या आठवड्यात होणारे बुडाचे दुखणे सहसा आपोआप जाते. कातडे सोलवटले असेल तर मात्र ते बरे होईपर्यंत थांबावे, पॅड असलेली शॉर्ट फेरी संपताच बदलावी आणि ती रोज धुतलेलीच घालावी.

वेग कोणता, याचे उत्तर बोलण्यात आहे. शेजारच्या सायकलस्वाराशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. दर दोन-तीन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. नाडीचे घड्याळ असणाऱ्यांनी स्वतःच्या कमाल नाडीच्या ६० ते ७५ टक्क्यांत राहावे, पण २२० मधून वय वजा करून काढलेली कमाल नाडी प्रत्यक्षापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते, त्यामुळे त्या आकड्यापेक्षा बोलण्याच्या कसोटीवर माझा भरवसा अधिक आहे. हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ८५ ते ९० फेरे पडतील असे पाय फिरवावेत. जड गिअरमध्ये सावकाश दाबत जाणे ही पुण्यातल्या अनेक सायकलस्वारांची सवय आहे आणि गुडघ्यांना तीच सर्वांत महाग पडते.

मार्ग सपाट निवडावा. शहराच्या पूर्वेकडच्यांना सोलापूर रस्त्याने थेऊरपर्यंत जाऊन येता येते, पश्चिमेकडच्यांना पाषाण-सूस भाग किंवा एनडीए रस्ता जवळ पडतो, आणि सिंहगड रस्त्याने खडकवासल्याच्या धरणापर्यंतची फेरी तर सगळ्यांच्याच ओळखीची आहे. अडचण एवढीच की धरणाच्या भिंतीपाशी पोचले की समोर सिंहगड दिसतो आणि मागच्या मोसमातली वेळ आठवते. धरणावरच वळावे. ऑक्टोबरमध्ये सरावाला सुरुवात करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: पाऊस गेल्यावरची ती उष्णता सकाळी नऊनंतर चांगलीच जाणवते आणि प्लाझ्मा आधीच घटलेल्या शरीराला ती दुप्पट थकवते, म्हणून त्या महिन्यात साडेआठच्या आत घरी परतावे.

तिसरा ते सहावा आठवडा: पाया

पुढचे चार आठवडे पायाभरणीचे आहेत आणि ते कंटाळवाणे असणारच. आठवड्याचा एकूण वेळ दहा टक्क्यांच्या आसपास वाढवत न्यावा. तीन आठवडे वाढ झाली की चौथ्या आठवड्यात तो तीस-चाळीस टक्क्यांनी कमी करावा. शरीर मजबूत होते ते या कमी केलेल्या आठवड्यात, त्यामुळे तो आळसाचा आठवडा समजून गाळू नये. रविवारची लांब फेरी दर वेळी दहा-पंधरा किलोमीटरनी वाढवत सहाव्या आठवड्यापर्यंत ऐंशीच्या घरात न्यावी. खडकवासल्याच्या पुढे पानशेतकडे जाणारा रस्ता यासाठी उत्तम आहे, कारण त्यावर छोटे छोटे चढ-उतार आहेत आणि घाट नाही. आठवड्यातल्या एका फेरीत, चौथ्या आठवड्यापासून, थोडा जोर घालावा: चांगले गरम झाल्यावर आठ मिनिटे असा वेग की एखादेच वाक्य बोलता येईल, मग चार मिनिटे हलके, आणि असे तीन वेळा. बाकी सगळ्या फेऱ्या हलक्याच राहू द्याव्यात. अर्धवट जोराच्या, ना धड हलक्या ना धड कठीण अशा फेऱ्यांनी थकवा वाढतो आणि हाती फारसे काही लागत नाही.

ग्रुप राइडविषयी माझे मत अनेकांना पटणार नाही, पण पहिले चार आठवडे ती टाळावी. दुसऱ्याच्या चाकामागे राहिल्याने वारा कमी लागतो हे खरे, तरी प्रत्येक सिग्नलनंतर आणि प्रत्येक पुलाच्या चढावर जो छोटा झटका द्यावा लागतो, तो मोजला तर अख्ख्या फेरीचे स्वरूपच बदलते. शिवाय पावसाळाभर इनडोअर ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागेवरच चालवण्याच्या स्टँडवर, घाम गाळलेला एखादा तरी त्यात असतोच, आणि मिसळ खायला सगळ्यांबरोबरच पोचायचे असते. ज्यांना एकट्याने निघायचा कंटाळा येतो त्यांनी आपल्यासारखाच खंड पडलेला एक जोडीदार शोधावा.

घरी आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटांचा व्यायाम जोडावा. बैठका, एका पायावरच्या बैठका, पालथे कोपरांवर शरीर तोलून धरणे आणि उताणे झोपून कंबर उचलणे इतके पुरेसे आहे. व्यायामशाळेत जाणाऱ्यांनी वजन घेऊन स्क्वॉट आणि डेडलिफ्ट करावेत, मात्र त्याच्या दुसऱ्या दिवशी जोराची फेरी ठेवू नये.

तयारी मोजायचीच असेल तर पहिल्या आठवड्यात मोजू नये. खालचा आकडा पाहून मन खट्टू होते आणि त्याचा उपयोगही नसतो. पाचव्या आठवड्यानंतर वीस मिनिटांच्या सलग जोराची चाचणी घेऊन सरासरी वॉटच्या ९५ टक्के हा एफटीपीचा, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणाऱ्या जोराचा, अंदाज धरता येतो. हे वॉट मोजणारा पॉवर मीटर नसेल तर विकत घेण्याची गरज नाही. ठरलेल्या एका चढावर, ठरलेल्या नाडीने, महिन्यातून एकदा वर जावे आणि वेळ लिहून ठेवावी. नाडी तीच आणि वेळ कमी, याहून खात्रीचा पुरावा वॉटचा आकडाही देत नाही.

घाट: कधी, कोणत्या क्रमाने, कसा

घाटाचा विचार सहाव्या-सातव्या आठवड्यात करावा आणि सुरुवात कात्रजच्या जुन्या घाटाने करावी. त्याचा चढ सौम्य आणि एकसारखा आहे, मोठी वाहतूक बरीचशी नव्या बोगद्याकडे वळलेली असते, आणि जुन्या बोगद्यापाशी पोचल्यावर सहज परत फिरता येते. त्यानंतर सासवडकडे जाणारा बोपदेव घाट. तो लहान असला तरी अधिक खडा आहे, वळणांवर अचानक उभा होतो, आणि तिथे अंधारात एकट्याने जाऊ नये. दिवे घाटात अवजड वाहने फार असतात, त्यामुळे सरावासाठी तो मला पसंत नाही.

सिंहगड सर्वांत शेवटी, आठव्या-नवव्या आठवड्यात घ्यावा. गोळेवाडीच्या फाट्यापासून गडावरच्या वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटरांत सुमारे सहाशे मीटर उंची चढायची असते. सरासरी चढ सात टक्क्यांच्या आसपास येतो, पण सरासरी इथे फसवी आहे, कारण काही टप्पे तिच्या जवळजवळ दुप्पट खडे आहेत आणि उसंत घेण्याजोग्या सपाट जागा थोड्या. पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागच्या कॅसेटमध्ये ३२ किंवा ३४ दात्यांची सर्वांत मोठी चकती असेल तर मिनिटाला साठ-सत्तर फेरे राखता येतात. त्याखाली गेल्यावर प्रत्येक फेऱ्याचा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. पहिले दोन किलोमीटर मुद्दाम मंद चढावेत, हात हँडलच्या वरच्या भागावर सैल ठेवावेत, आणि उभे राहून पेडल मारायचे झाले तर ते पाठ मोकळी करण्यापुरते आठ-दहा फेरेच. गुडघ्यात टोचू लागले तर उतरून सायकल ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. शनिवार-रविवारी सकाळी साडेसातनंतर वर मोटारींची रांग लागते, त्यामुळे एखादा मधला वार साधता आला तर रस्ता मोकळा मिळतो.

उतरताना चढताना लागते त्याहून जास्त लक्ष लागते. पावसाळ्यात वाहून आलेली बारीक खडी वळणांच्या आतल्या बाजूला हिवाळाभर पडून असते. दोन्ही ब्रेक सतत दाबून न धरता वळणाच्या आधी ठामपणे लावावेत आणि वळणात सोडावेत. रिम ब्रेक असलेल्यांनी मधे एकदा थांबून रिम निवू द्यावी. वर घामाने भिजलेले अंग खाली येताना गारठते. त्यासाठी विंडचीटर उत्तमच, पण तो विसरलात तर टपरीवरून जुने वर्तमानपत्र मागून घ्यावे आणि जर्सीच्या आत छातीवर पसरावे. युरोपातले शर्यतपटू हाच उपाय वर्षानुवर्षे करत आले आहेत आणि तो थक्क व्हावे इतका परिणामकारक आहे.

थंडी, अंधार आणि हवा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेचे तापमान दहा-बारा अंशांवर आणि काही दिवशी त्याहूनही खाली जाते, तर अकरापर्यंत ते पंचविशीच्या पुढे सरकते. एकच जाड स्वेटर या फरकाला उपयोगी नाही. नेहमीच्या जर्सीवर काढता येणाऱ्या बाह्या, पातळ बिनबाह्यांचे जाकीट, पूर्ण बोटांचे हातमोजे आणि कान झाकणारा बफ असावा. हे सगळे दहा वाजता पाठीच्या खिशात मावते. निघताना थोडे गारठल्यासारखे वाटले तर कपडे बरोबर आहेत. गुडघे मात्र पंधरा अंशांखाली झाकलेलेच असावेत.

सूर्योदय या दिवसांत सातच्या आसपास होतो, म्हणजे साडेपाचला निघणारा तास-दीड तास अंधारात असतो. पुढे रस्ता दिसेल असा दिवा, मागे लाल दिवे दोन, आणि अंगावर परावर्तक पट्ट्यांचे जाकीट याला पर्याय नाही. हिवाळा हा उसाच्या गाळपाचाही हंगाम असतो. दौंड, बारामती, शिरूरकडच्या रस्त्यांवर रस्त्याबाहेर हातभर ऊस लोंबणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात चालतात, अनेकांना मागे दिवा तर नसतोच, पण परावर्तकही उसाच्या पाल्याखाली झाकला गेलेला असतो. ट्रॅक्टरचा आवाज पुढून येतो आणि मागची ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही. त्यामुळे त्या दिशेला उजाडल्यावरच जावे आणि ट्रॉलीला ओलांडताना लोंबणाऱ्या उसापासून किमान दीड मीटर अंतर ठेवावे.

थंड पहाटे हवेचा गार थर जमिनीलगत साचतो, त्यावर उबदार हवेचे झाकण बसते आणि शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा व वाहनांचा धूर त्याखाली अडकून राहतो. पुण्यातल्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या सफर या प्रणालीवर हवेची स्थिती पाहता येते. हवा वाईट असेल त्या दिवशी जोराची फेरी ऊन पडून धुरके विरल्यावर करावी किंवा ट्रेनरवर उरकावी. जोरात श्वास घेताना छातीत कितीतरी पट अधिक हवा जाते आणि तिच्याबरोबर धूरही.

खाणे आणि पाणी

तासाभराच्या हलक्या फेरीला पाण्याखेरीज काही लागत नाही. दीड तासाच्या वर गेलात की दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम आकाराच्या केळ्यात ती साधारण २५ ग्रॅम असतात. खजूर, चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू खिशात नीट राहतात आणि परदेशी जेलच्या किमतीत आठवडाभर पुरतात. पहिला घास पाऊण तासाने, भूक लागण्याची वाट न पाहता घ्यावा. थंडीत तहान लागत नाही, पण घाम जातच असतो, म्हणून तासाला अर्धा लिटर पाणी ठरवून प्यावे आणि त्यातल्या एका बाटलीत लिंबू, साखर व चिमूटभर मीठ घालावे. परतल्यावर तासाभरात पोहे किंवा उपमा यांच्या जोडीला अंडी, पनीर, दही असे काही प्रथिनांचे हवेच. नुसत्या पोह्यांवर स्नायू भरून निघत नाहीत. सिंहगडावरचे पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही या निकषावर उत्तीर्ण होतात. कांदाभजी होत नाहीत, तरी ती कोणी सोडावीत असे मी म्हणणार नाही.

पहिल्या दोनशे किलोमीटरपर्यंत

मोसमाचे पहिले लक्ष्य बहुतेकांसाठी दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे रँडोनिअरिंगमधली ठरावीक वेळेत पूर्ण करायची फेरी, असते. तिला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबण्यासह सरासरी ताशी पंधरा किलोमीटर पुरतात. पुढे तीनशेला २०, चारशेला २७ आणि सहाशेला ४० तास. या चारही अंतरांची मालिका एका मोसमात पूर्ण करणाऱ्याला सुपर रँडोनिअर म्हणतात. दर चार वर्षांनी होणारी बाराशे किलोमीटरची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ऑगस्ट २०२७ मध्ये आहे आणि तिच्या पात्रतेसाठी त्याच मोसमातली मालिका लागते, त्यामुळे तिच्यावर डोळा असणाऱ्यांना त्या मोसमातला हिवाळा वाया घालवून चालणार नाही.

दोनशेची तारीख निश्चित झाली की तिथून मागे दहा ते बारा आठवडे मोजावेत आणि सरावाची सुरुवात तिथे ठेवावी. शेवटच्या पंधरवड्याआधी एकदा १२० ते १४० किलोमीटरची फेरी, त्या दिवशीच्याच कपड्यांत, त्याच खाण्यावर आणि त्याच सामानासह झाली म्हणजे पुरे; तालमीत दोनशे करण्याची गरज नाही. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मे करावे, मात्र एक-दोन मिनिटांचे चार-पाच जोराचे तुकडे ठेवावेत, म्हणजे पाय सुस्तावत नाहीत. नवे टायर, नवी सीट, नवे बूट यांपैकी काहीही त्या आठवड्यात बसवू नये.

नोव्हेंबर-डिसेंबर ही लग्नसराई आहे आणि गावची लग्ने वेळापत्रक पाहून ठरत नाहीत, तेव्हा मधे खंड पडणारच. चार-पाच दिवस बुडाले तर ते भरून काढण्याच्या फंदात न पडता पुढचा आठवडा ठरल्याप्रमाणे सुरू करावा. दहा-बारा दिवस गेले तर दोन आठवडे मागे जाऊन तिथून पुन्हा चढत यावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ सायकल उभी राहिली असेल, तर पहिल्या पंधरवड्याचे निम्मे आणि सपाट अंतर पुन्हा करावे आणि पुढची ब्रेव्हे धरावी. जानेवारी-फेब्रुवारीत पुण्याच्या आसपास दुसरी मिळतेच.